बाहेरची वलांडी

गोदाबाय,

तुझं तेरावं झालं. गोड जेवण झालं, मंडपवाला आपल्या कनाती उतरवून घेऊन गेला, आणि तुझा फोटो भिंतीवर लागला. फोटोवाल्याने तुझ्यामागे निळे डोंगर आणि पांढरंशुभ्र बर्फ टाकलंय. जन्मभर बर्फाशी तुझा संबंध मासळीच्या पेटीपुरता. सगळे म्हणाले, छान आलाय. मी म्हटलं, पेटीत भरून पाठवायला तयार दिसतेय. कोणी हसलं नाही. अशा वेळी हसणारी घरात एकच होती, आणि ती त्या बर्फात हात मांडीवर ठेवून बसलीये.

तेरा दिवस जो येईल तो तुझे गुण सांगत होता. गोदाबायने कधी कोणाबद्दल वाईट बोललं नाही. गोदाबायने कधी कोणाचं वाईट केलं नाही. मी कोपऱ्यात बसून मान हलवत होते. पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे गावात मी एकटीच सांगू शकले असते. परवापर्यंत गिळून बसले होते. परवा मी सालवडला जाऊन आले, हिरूकडे. पाववाल्या धर्माची हिरू. आता तू फोटोतसुद्धा भुवया वर करशील. थांब जरा. क्रमाने सांगते, कारण हे मी छापायला देणार आहे आणि वाचणाऱ्यांना आपल्या घरातलं काही माहीत नाही.

तर वाचणाऱ्यांनो, मी हिची धाकटी जाऊ. बाप पालघरला कचेरीत कारकून. मूळ घर किनाऱ्यावरचंच, पण बापाने मासळी फक्त ताटात पाहिलेली. मी मॅट्रिक पास. लग्न होऊन दांडीला आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन आले होते. चौथ्या दिवशी सासूला काढून दाखवलं. सासूने ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "वलांडीवर घाल, सुकंल." तू चुलीपुढे बसली होतीस, गोदाबाय. धुरामुळे खोकला आलाय असं दाखवत किती हसलीस.

मला बोंबील घालता येत नव्हते. बांबू रोवून दोर ताणायचे आणि दोन बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी दोरावर टाकायची, ही वलांडी. पाच वर्षांच्या पोरीला येतं. माझ्या जोड्या सुटून वाळूत पडायच्या, कुत्री माझ्यावर खूश असायची. जी रांग टिकायची ती वेडीवाकडी. तू एकदा चार बायकांसमोर म्हणालीस, "मॅट्रिकचं अक्षर बगा, कसं तिरकं." बायका पोट धरून हसल्या. मला वाटलं, समुद्रात जाऊन जीव द्यावा. भरती नव्हती म्हणून राहिले.

आपल्या वलांड्या कॅम्पाच्या भिंतीला लागून. कॅम्प म्हणजे वाळूच्या टोकावरची ती जुनी छावणी. बुरूज पोर्तुगीजांचा, बराकी इंग्रजांच्या, कुलुपं आपली. लढाईच्या दिवसांत गोरे शिपाई तिथून समुद्राकडे दुर्बिणी लावून बसायचे, असं सासरे सांगत. मग बरीच वर्षं ती ओस पडली. आणि आणीबाणी आली तशी एका सकाळी बराकींच्या दारांना नवी कुलुपं दिसली आणि जाळीच्या गाड्यांतून माणसं येऊ लागली. कोण, कुठली, कशासाठी, कोणी विचारायचं नाही. पोलीस वाळूवर खुर्च्या टाकून बसायचे, कधी दोन दिवसांनी, कधी रोज. आपण भिंतीच्या अलीकडे बोंबील सुकवायचो, पलीकडे माणसं.

काशीभावजी, म्हणजे तुझा नवरा, त्या दिवसांत एका फरारी मास्तरला होडीतून नेत आणत होते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा फक्त तुम्हा दोघांना माहीत. ठरलं होतं असं की बाहेरची वलांडी, पाण्याकडची शेवटची, भरलेली दिसली तर किनारा मोकळा. लांबूनसुद्धा पांढरी पट्टी दिसते. रिकामी दिसली तर पोलीस बसलेत, होडी आत आणायची नाही.

तो दिवस मी किती वेळा मनात उलगडला असेन. थंडीचे दिवस होते, मासळी उदंड आली होती. पहाटे तू जीप पाहिली असणार. तरी रोजच्यासारखी बाजाराला निघालीस, नाहीतर संशय आला असता. मी टोपली उचलू लागले. भरलेली टोपली एकटीने डोक्यावर घेता येत नाही, समोरून कोणीतरी हात लावावाच लागतो. टोपली डोक्यावर बसली, तू चुंबळ सारखी केलीस आणि म्हणालीस,

"बायेरच्या वलांडीवर आज काय घालू नको. येक बोंबील नको."

"का?"

"सांगितलं तेवडं ऐक."

आणि मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात आदल्या दिवसाचं ते तिरकं अक्षर बसलं होतं. तू परत यायच्या आत सगळी मासळी घालून दाखवायची, असं मी ठरवलं. आतल्या वलांड्या भरल्या आणि दोन टोपल्या उरल्या. मी बाहेरच्या दोराकडे पाहिलं. म्हटलं, हिला वाटतं तेवढं माझ्याने होणार नाही, म्हणून नको म्हणाली. घातले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ती जोडी जमली. एकही सुटली नाही. रांग अशी सरळ की सासू येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आज जमलं गो तुला." मी कमरेवर हात ठेवून आपलं अक्षर न्याहाळत उभी राहिले. एकोणीस वर्षांची गाढव.

दुपारच्या भरतीला होडी सरळ आत आली. पोलीस भिंतीमागून निघाले तेव्हा काशीभावजी गुडघाभर पाण्यात होते आणि मास्तर त्यांच्या खांद्याला धरून उतरत होता. दोघांना वाळूतून ओढत नेलं. वलांड्यांच्या मधूनच नेलं. मी काय केलं? पदर नीट केला. एक पोलीस तरणा होता आणि माझ्याकडे बघत होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायचंच आहे तर सगळं सांगते.

तू तिन्हीसांजेला आलीस. बायका धावत तुला सामोऱ्या गेल्या, एकदम पाचसहा जणी बोलू लागल्या. तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. वलांडीकडे पाहिलंस. टोपली खाली ठेवलीस आणि एकेक जोडी सोडवून टोपलीत टाकू लागलीस.

मी म्हणाले, "अजून ओले हायत ते."

ओले आहेत! तुझा नवरा नेला होता आणि ही शहाणी तुला मासळीचं शास्त्र शिकवत होती. तू म्हणालीस, "आसू दे." तेवढंच. वलांडी रिकामी केलीस आणि घरात गेलीस. मला वाटलं, दुःखाने बाई बावरली.

भावजींना लांब कुठे नेलं नाही. आपल्याच भिंतीपलीकडे, समुद्राकडच्या बराकीत ठेवलं. भेटायला बंदी. त्या बाजूला खिडकी नव्हती, वर फक्त वीतभर झरोका. दुसऱ्या दिवसापासून तू वलांडीशी माझ्याबरोबर भांडायला लागलीस. रोज. "आगो भवाने, दोर ढिला का सोडलास? बापानं हेच शिकवलं का पालघरला?" मी आधी रडायचे. मग एक दिवस तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "तू बी वरड. त्याला आयकू जाऊ दे." तेव्हा कळलं. मग मीही ओरडू लागले. आपण बोंबील घालता घालता एकमेकींचं माहेर काढायचो, कालवणातलं मीठ काढायचो, उशिरा उठण्यावरून बोलायचो. पहाऱ्यावरचा शिपाई हसायचा. भिंतीपलीकडे एक माणूस बायकोचा आवाज ऐकत बसायचा. चौदा महिने.

तू जे काय बोलायचीस ते तेव्हा मला खोटं वाटायचं, नाटकातलं. नंतर, खरं कळल्यावर, मी ते सगळं परत आठवून पाहिलं. "तुझ्यापायी घर बुडलं" असं तू एकदा म्हणाली होतीस. एकदा "हात जळो तुझे" म्हणाली होतीस. त्यातलं किती भिंतीपलीकडच्यासाठी होतं आणि किती माझ्यासाठी, हे मला तुला विचारायचं होतं. राहिलं.

आता धर्मा.

धर्मा सायकलवर पाव विकायचा. बोईसरहून भट्टीचे पाव आणून आधी गावात, मग कॅम्पाच्या दारात, तिथल्या शिपायांना. पकडापकड झाली तशी गावाने विचार केला, होडीची खबर दिली कोणी? आणि रोज कॅम्पाच्या दाराशी जातो कोण? झालं. कोणी सभा घेतली नाही, कोणी त्याला मारलं नाही. फक्त त्याचा पाव कोणी घेईना. होडीवर कामाला कोणी घेईना. आणि त्याच्या बायकोच्या, हिरूच्या टोपलीला कोणी हात लावेना.

ते मी पाहिलंय. ती टोपली भरून उभी राहायची आणि बायका तिच्या बाजूने निघून जायच्या. एका सकाळी तिथे तीच होती आणि मी. तिने माझ्याकडे पाहिलं. "येवडा हात लाव गो." मी मान फिरवली. मला वाटलं, मी मोठं देशकार्य करतेय. मागे वळून पाहिलं तर ती अर्धी मासळी वाळूत ओतत होती, टोपली हलकी करायला. होळीच्या आधी त्यांनी घर बंद केलं आणि दोघं सालवडला गेली. धर्मा कारखान्यात लागला. लवकर वारला, असं ऐकलं.

खबर कोणी दिलीच नव्हती, गोदाबाय. पोलीस तर येतच असायचे. म्हणून तर ती वलांडी होती. हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला कळलं ते भावजी सुटून आल्यावर. पाठीत वाकलेले, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरात निजत नसत, दार कोणी लावलं की उठून बसत. होडीवर परत गेले नाहीत. एकदा मी त्यांच्यासाठी कालवण-भात घेऊन गेले. मला पाचवा महिना होता. ते वाळूवर बसले होते. म्हणाले, "तुमची भांडणं आयकून दिवस काडले गो." मी हसले. मग समुद्राकडे बघतच म्हणाले, "वलांडी भरलेली दिसली म्हणून आत आलो. गोदी म्हंते, मीच इसरले, रोजच्यासारकी भरून गेले. आता तिला काय बोलू?"

ताट माझ्या हातात तसंच राहिलं. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं आणि म्हणाले, "बस, पोटुशी हायस."

मी घरी आले. तू मासे साफ करत होतीस. मी दारात उभी. तू वर पाहिलंस, माझं तोंड पाहिलंस, आणि तुला कळलं. म्हणालीस, "मीठ दे."

मी मीठ दिलं.

पन्नास वर्षांत या विषयावर आपण जे बोललो ते एवढंच. भावजी सुटल्यानंतर तिसऱ्या वर्षी गेले, बायको विसरली असं समजून गेले. तू ते माझ्याऐवजी आपल्या अंगावर घेतलंस. नाहीतर पोटातल्या पोरासकट माझी पालघरला रवानगी झाली असती, आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेऊन मी बापाच्या ओट्यावर बसले असते. माझी दोन मुलं, ही नात, हे घर, सगळं तुझ्या त्या एका वाक्यावर उभं आहे. हे मी जाणते. पण ते वाक्य तू नवऱ्याला सांगितलंस. गावाला नाही. गावात ते धर्माच्या अंगावर राहू दिलंस. गाव सोडून गेलेला माणूस, त्याच्या अंगावर काय वाईट, असं तुला वाटलं असेल. मी तुला दोष देतेय असं समजू नकोस. तू चौदा महिने ओरडलीस आणि मग गप्प झालीस. मी मात्र कधीच गप्प नव्हते, साऱ्या गावच्या लग्नात उखाणे माझे. फक्त हे एक सोडून सगळं बोलले.

मग, आपण दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, कॅम्पात विद्यापीठ येणार असं कळलं.

तोवर तिथे गोदाम होऊन गेलं होतं, मग शेळ्या, मग क्रिकेट. शाळेच्या पटांगणात सभा झाली. साहेब लॅपटॉप घेऊन आला होता, पडद्यावर चित्रं. बुरुजात वाचनालय, बराकींत वर्ग. म्हणाला, ऐतिहासिक वास्तू आहे, बाहेरून जशीच्या तशी जतन करणार. टाळ्या पडल्या. तू उठलीस. तुझ्या वयाच्या बायका सभेत उठत नाहीत, म्हणून सगळे वळले.

"साहेब, खिडकी ठेवणार का?"

"आजी, मूळ बांधकामात त्या बाजूला खिडकी नाहीये. ते बदलता येत नाही."

"मग पोरं काय अंधारात शिकनार?"

"दिवे असतील ना, आजी. एसी असेल."

"दिवा तवा बी व्हता," तू म्हणालीस. "रातदिस चालू असायचा. माझ्या मालकाला समुद्र आयकू यायचा, दिसला नाय. तुमी खिडकी पाडा. नायतर इतिहास म्हनून कोनी तिथं बसू नका."

साहेबाने लॅपटॉपवर काहीतरी टिपून घेतलं. आणि मी, तुझी सख्खी जाऊ, उठून काय म्हणाले? "खिडकी नको! बराक तशीच ठेवा आणि दारावर काशीभावजींच्या नावाचा दगड लावा!" मला वाटलं, नाव लागलं म्हणजे माझं काहीतरी फिटेल. शिवाय फोटोवाला आला होता आणि मी नवीन साडी नेसले होते. माणूस म्हातारा होतो, सुधारत नाही.

घरी येऊन महिनाभर भांडलो. खरं भांडण, या वेळी भिंतीपलीकडे कोणी नसताना. मी म्हणायचे, नाव राहिलं पाहिजे. तू म्हणायचीस, नाव घेऊन काय चाटायचंय, वारा येऊ दे. शेवटी एक दिवस तू पान लावता लावता म्हणालीस, "तुझ्या पोटात काय दुकतंय ते म्हाईत हाय मला."

मी म्हणाले, "गॅस झालाय."

तू पान तोंडात घातलंस. दार उघडं होतं, गोदाबाय. तू उघडून धरलं होतंस आणि मी थट्टा करून लावून टाकलं.

खिडकी झाली. साहेबाने कोणाकोणाला कागद लिहिले माहीत नाही, पण समुद्राकडच्या भिंतीला मोठी काच बसली. आत बाकं, फळा. वर्ग भरायच्या आधी आपल्याला बोलावलं होतं. तू शेवटच्या बाकावर बसलीस. पोरींनी चहा आणला. तू काचेतून बघत राहिलीस. भरती होती, पाणी अगदी पायाशी आलेलं. म्हणालीस, "येवडा जवळ व्हता?" आणि चहा तसाच ठेवून बाहेर आलीस. परत कधी त्या फाटकाशी गेली नाहीस.

मग तू अंथरूण धरलंस. जायच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मला म्हणालीस, "हिरू हाय का गो अजून?" मी म्हटलं, "गोळी घे आधी." तू गोळी घेतलीस. मी तुझं तोंड पुसलं. मला वाटलं, मी तुझी सेवा करतेय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सई, माझी नात, मोबाइल घेऊन बसली. ती त्याच कॅम्पसमध्ये शिकते, पहिल्या वर्षाला. पोरांनी गावकऱ्यांकडून आठवणी गोळा केल्यात, त्या बराकीच्या दाराशी फलकावर छापून लावणार आहेत. म्हणाली, "आजी, तपासून दे. उद्या छापायला जायचंय." आणि वाचायला लागली. काशीभावजींचं नाव, मास्तर, होडी, सगळं. मग वाचलं, "गावातल्याच एका पाववाल्याने खबर दिल्यामुळे ते पकडले गेले."

मी म्हटलं, "हे कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. अगं, त्या पाववाल्याची नात आमच्याच वर्गात आहे. सालवडची. तिला कोणीतरी हे दाखवलं. दोन दिवस आलीच नाही कॉलेजला."

"गोदाबायला विचारलं होतं?"

"विचारलं ना, मागच्या महिन्यात. काहीच बोलली नाही. मी परत विचारलं तर म्हणाली, तुझ्या आजीला विचार."

तुझ्या आजीला विचार. मरता मरता तू मला ते दिलंस, आणि पोरगी विसरली होती. मी तिला म्हटलं, ती ओळ काढ. ती म्हणाली, "मग काय लिहू?" मी म्हटलं, "सांगते. आधी दुसरीकडे सांगावं लागेल."

सालवडला रिक्षाने गेले. रस्त्यात भाषण तयार केलं. फार सुंदर भाषण होतं, त्यात क्षमा होती, काळ होता, नियती होती. तुझं नाव नव्हतं. ते मी ठरवूनच टाकलं होतं. तेरा दिवस लोक तुझे गुण गात होते, पंधराव्या दिवशी मी कशाला तोंड घालू. सगळं माझ्या अंगावर घ्यायचं आणि परत यायचं.

चाळ कामगारांची. एक बाई नळावर म्हणाली, "किसको ढूँढ रही हो, माँजी?" पाववाल्याचं घर म्हटलं तर कळेना, हिरूताई म्हटलं तर बोट दाखवलं. सुनेने दार उघडलं. खोलीत हिरू खाटेवर, भिंतीला टेकून. तिची नात आत कॉटखाली काहीतरी शोधत होती, माझं गाव ऐकून तिथेच उकिडवी बसून राहिली.

"कोन?" हिरू म्हणाली.

"दांडीची. गोदाबायची जाऊ."

"गोदी मेली काय?"

"हो."

"बरं."

मी भाषण सुरू केलं. खालच्या आवाजात. हिरू माझ्या ओठांकडे बघत होती. सून म्हणाली, "आईंना ऐकायला येत नाही. मोठ्याने बोला."

मी दाराकडे पाहिलं. बाहेर नळावरच्या बायका. म्हटलं, "दार लावता का जरा?"

"दार लावलं की गुदमरतं त्यांना," सून म्हणाली आणि कुकर लावायला ओट्याकडे वळली.

भाषण राहिलं. मी ओरडून म्हटलं, "धर्माने खबर दिली नव्हती! वलांडी मी भरली होती! रिकामी ठेवायची होती, ती मी भरली, म्हणून होडी आत आली!"

नळ बंद झाला. दाराशी दोन बायका आल्या. हिरू म्हणाली, "आं? परत बोल."

मी परत बोलले. आणखी मोठ्याने. घसा फाटला. टोपलीचंही बोलले, की हिरू, तू हात लाव म्हणालीस आणि मी लावला नाही. दारात आता सातआठ माणसं. एक जण दुसऱ्याला हिंदीत समजावून सांगत होता. ती नात कॉटखालून उठून उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

मागे कुकरची शिट्टी झाली. हिरू मान न वळवता सुनेला म्हणाली, "तीन झाल्या, बंद कर."

तिला सगळं ऐकू येत होतं, गोदाबाय. पहिल्यापासून.

तिने मला तिसऱ्यांदा बोलायला लावलं नाही. पदराने तोंड पुसलं. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "गोदीला म्हाईत व्हतं?"

मी दाराकडे पाहिलं. सगळे तिथेच होते.

हो म्हटलं, गोदाबाय. मोठ्याने.